आठ वर्षांचा उपग्रह, चार वर्षांची पदवी

अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांत हाती पडते. पुण्याच्या सीओईपीमधील विद्यार्थ्यांनी घडवलेल्या ‘स्वयम्’ या उपग्रहाला मात्र आठ वर्षे लागली. २००८ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि २२ जून २०१६ रोजी सकाळी ९ वाजून २६ मिनिटांनी ‘इस्रो’च्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून तो आकाशात नेला. त्या उड्डाणात एकूण २० उपग्रह होते. मुख्य प्रवासी होता ७२७.५ किलो वजनाचा कार्टोसॅट-२ मालिकेतील उपग्रह. ‘स्वयम्’ होता जेमतेम एक किलोचा, म्हणजे साखरेच्या पुड्याएवढ्या वजनाचा.

आता जरा हिशेब मांडून पाहा. २००८ मध्ये जो मुलगा पहिल्या वर्षाला होता, तो २०१२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. उड्डाणाच्या वेळी नुकते शेवटचे वर्ष संपवलेली मुलगी २०१२ मध्ये कॉलेजात आली. म्हणजे ज्यांनी पहिली रेघ ओढली आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू आवळला, ते एका बाकावर कधी बसलेच नाहीत. मग उपग्रह पुरा कसा झाला? मधल्या तुकड्यांनी काम हातोहात पुढे दिले म्हणून. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक मंडळाचे खरे मोल कशात असते, ते या हिशेबात दिसते.

शाखा कशासाठी असते?

आपल्याकडे बहुतेक अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि विज्ञान महाविद्यालयांत कुठल्या ना कुठल्या व्यावसायिक संस्थेची विद्यार्थी शाखा असते. मुले तिला ‘स्टुडंट चॅप्टर’ म्हणतात. आयईईई ही विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची जागतिक संस्था १९६३ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. तिच्या विद्यार्थी शाखा आज जगभर आहेत. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियासारख्या देशी संस्थांच्याही आहेत. मूळ कल्पना साधी आहे. वर्गात शिकलेले हाताने करून पाहावे, त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांशी ओळख व्हावी आणि वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना शिकवावे.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काय होते, हे वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. जुलैत उद्घाटन, ऑगस्टमध्ये पाहुण्यांचे व्याख्यान, हारतुरे, छायाचित्र, वर्षाअखेरीस प्रमाणपत्र. पुढच्या वर्षी नवे पदाधिकारी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा शाखेच्या अहवालात कार्यक्रमांची संख्या भरपूर असते. मात्र गेल्या वर्षी जे कळले, त्यावर या वर्षी काय रचले, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

सीओईपी ही १८५४ मध्ये सुरू झालेली संस्था, २०२२ पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाली आहे. तिथला उपग्रह गट कुठल्या जागतिक संस्थेची शाखा नव्हता. तरी विद्यार्थी शाखेने जे करायचे असते, ते त्याने करून दाखवले.

दहा सेंटीमीटरच्या डब्यात काय मावते?

‘स्वयम्’ हा साधारण दहा सेंटीमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा डबा. या आकाराला ‘क्यूबसॅट’ म्हणतात. १९९९ मध्ये अमेरिकेतील जोर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्स या दोन प्राध्यापकांनी तो ठरवला, तोही विद्यार्थ्यांसाठीच. पदवीच्या काळात पुरा होईल आणि मोठ्या उपग्रहाच्या शेजारी उरलेल्या जागेत बसेल एवढा लहान उपग्रह त्यांना हवा होता.

एवढ्या डब्यात पहिली अडचण विजेची. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरवर सुमारे १,३६० वॅट ऊन पडते. डब्याची एक बाजू म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग, म्हणून तिच्या वाट्याला येते १३-१४ वॅट. सौर घट त्यातले साधारण एक चतुर्थांश विजेत बदलतात. शिवाय सगळी बाजू घटांनी झाकता येत नाही. हाती उरते दोन-तीन वॅट. मोबाइल चार्जर याहून जास्त वीज देतो. रेडिओ, संगणक, बॅटरी या सगळ्यांनी एवढ्यातच भागवायचे. त्यातही सुमारे ९५ मिनिटांच्या प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सावलीतून जावे लागते, तेव्हा ऊन शून्य.

दुसरी अडचण भिरभिरण्याची. प्रक्षेपकातून सुटलेला डबा अवकाशात गरगरत राहतो. तिथे हवा नाही, त्यामुळे ते गरगरणे आपोआप थांबत नाही. अँटेनाचे तोंड सतत बदलत राहिले, तर जमिनीवर पोचणारा संदेश कधी ठळक, कधी क्षीण होतो. मोठ्या उपग्रहांत यासाठी फिरती चाके किंवा छोटे झोतयंत्र असते. दोन-तीन वॅटमध्ये ही चैन परवडत नाही.

पुण्याच्या मुलांनी निवडलेला उपाय शाळेतल्या होकायंत्राचा होता. डब्यात एक कायमचा चुंबक बसवायचा. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहते, तसा आख्खा उपग्रह त्या क्षेत्राच्या रेषेत येऊ पाहतो. पण सुईसुद्धा थांबण्याआधी डोलत राहते. तो डोल शमवण्यासाठी मऊ चुंबकीय धातूच्या काड्या बसवतात. उपग्रह डोलला की काड्यांमधले चुंबकत्व उलटसुलट होते, त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि डोलणे हळूहळू कमी होते. या पद्धतीला विजेचा एक थेंबही लागत नाही. तिला निष्क्रिय चुंबकीय नियंत्रण म्हणतात. ती अवकाशात वापरून पाहणे आणि हौशी रेडिओच्या लहरींवरून एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोचवणे, ही ‘स्वयम्’ची दोन उद्दिष्टे होती.

कागदावर हे चार ओळींत मावते. चुंबक केवढा, काड्या किती लांब, त्या चुंबकापासून किती दूर, याची उत्तरे मात्र आकडेमोड आणि चाचण्या करूनच मिळतात. चुंबक फार जोरकस झाला तर काड्यांवर त्याचाच पगडा बसतो आणि त्या काम करीनाशा होतात. शिवाय प्रक्षेपकाचे हादरे सोसतो का, निर्वात जागेत तापवून-गारठवून टिकतो का, या परीक्षा प्रत्येक उपग्रहाला द्याव्या लागतात. त्यात काठावर पास होण्याची सोय नसते.

पवईचा ‘प्रथम’ आणि हवेवरचा थर

‘स्वयम्’नंतर तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, पीएसएलव्ही-सी३५ मधून आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोचा उपग्रह गेला. सप्तर्षी बंदोपाध्याय आणि शशांक तामसकर या दोन विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये ही कल्पना मांडली होती. इथेही गणित तेच. सुरुवात करणारे केव्हाच बाहेर पडले होते.

‘प्रथम’चे काम आयनांबराशी संबंधित होते. वातावरणाच्या वरच्या थरात सूर्यकिरणांमुळे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यातून जाणारी रेडिओलहर थोडी रेंगाळते आणि तिची कंपनाची दिशाही वळते. मोबाइलवरचा नकाशा कधीकधी आपल्याला रस्त्याऐवजी शेजारच्या शेतात दाखवतो, त्यामागच्या कारणांत या रेंगाळण्याचाही वाटा असतो. उपग्रहावरून आलेल्या लहरीची दिशा किती वळली हे जमिनीवर मोजले, तर वाटेत किती इलेक्ट्रॉन होते याचा अंदाज बांधता येतो. अशा मोजमापासाठी जमिनीवर ठिकठिकाणी केंद्रे हवीत. म्हणून या विद्यार्थ्यांनी इतर महाविद्यालयांतल्या मुलांना असे केंद्र कसे उभारायचे ते शिकवले. उपग्रह एका संस्थेचा, पण अनुभव अनेकांचा झाला.

ही दोन्ही उदाहरणे महाराष्ट्रातली असली, तरी देशात ती पहिली नव्हेत. अण्णा विद्यापीठाचा ४० किलोचा ‘अनुसॅट’ २० एप्रिल २००९ रोजी गेला होता. १२ जुलै २०१० रोजी गेलेला, एक किलोहून हलका ‘स्टडसॅट’ तर कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातल्या सात महाविद्यालयांच्या मुलांनी मिळून केला होता. एकट्या महाविद्यालयाला न झेपणारे काम वाटून घेता येते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

शहागडवरून काय ऐकू येईल?

पुणे, पवई ठीक. गोदाकाठच्या शहागडला, अंबड तालुक्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला याचे काय, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर भूमितीत आहे. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह जमिनीवर एका वेळी साधारण २,४०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातून ‘दिसतो’. शहागड आणि पुणे यांच्यात सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून थोडे जास्त अंतर आहे. म्हणजे पुण्याच्या आकाशातून जाणारा असा उपग्रह जवळजवळ त्याच मिनिटांत शहागडच्याही आकाशात असतो. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या गावाला आणि महानगराला इथे सारखीच संधी आहे. उलट गावाकडे उंच इमारती कमी आणि विद्युत उपकरणांचा गोंगाटही कमी, त्यामुळे क्षीण संदेश ऐकायला परिस्थिती अधिक बरी.

एक फेरा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत फार तर ११-१२ मिनिटांचा. उपग्रह जवळ येताना त्याचा सूर चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो. रेल्वेच्या शिट्टीचे होते तसेच. ४३७ मेगाहर्ट्झच्या लहरीवर हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे १० किलोहर्ट्झ भरतो. तो मोजून उपग्रहाचा वेग काढता येतो. अकरावी-बारावीच्या पुस्तकातला डॉप्लर परिणाम गच्चीवर उभे राहून स्वतः तपासता येतो.

यासाठी लागते काय? काही हजार रुपयांत मिळणारा, संगणकाला जोडायचा रेडिओ संग्राहक, तांब्याच्या तारेची किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांची घरी केलेली अँटेना आणि मोफत मिळणारी संगणक प्रणाली. रशियाचे ‘मेटेओर-एम’ हे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास ढगांची चित्रे पाठवतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे येतात. ‘सॅटनॉग्स’ या स्वयंसेवकांच्या जागतिक जाळ्यात अशी घरगुती केंद्रे एकमेकांना जोडलेली आहेत. आपण संदेश पाठवणार असू, तर हौशी रेडिओचा सरकारी परवाना घ्यावाच लागतो. त्याची परीक्षा देणे हा विद्यार्थी शाखेचा पहिला उपक्रम होऊ शकतो.

हौशी लोकांनी हे करावे, यात नवे काही नाही. १२ डिसेंबर १९६१ रोजी अवकाशात गेलेला ‘ऑस्कर-१’ हा अमेरिकेतील हौशी रेडिओवाल्यांनीच बनवला होता. तो मोर्स लिपीत फक्त ‘हाय’ म्हणायचा.

आपल्या महाविद्यालयात शाखा निघाली तर

मराठवाड्यातल्या मुलांना आता दरवेळी पुणे-मुंबई गाठावी लागत नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यातच आहे. तंत्रनिकेतने, विज्ञान महाविद्यालये तालुक्याच्या गावीही आहेत. तिथे विद्यार्थी शाखा निघते, तेव्हा पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी चार गोष्टी जरूर विचाराव्यात.

पहिली, वर्षाअखेरीस हातात काय असेल? मोजलेली आकडेवारी, चालणारे उपकरण किंवा शिकवता येईल असे कौशल्य, यांपैकी एक तरी हवे. उपग्रहच हवा असे नाही. गोदावरीच्या पाण्याची पातळी आणि गढूळपणा वर्षभर ठरल्या दिवशी मोजला, तरी ते मोलाचे काम आहे.

दुसरी, नोंदी कुठे आहेत? काय केले, काय फसले आणि का फसले, हे लिहून ठेवलेले नसेल, तर पुढची तुकडी त्याच खड्ड्यात पुन्हा पडते. आठ वर्षे चालणाऱ्या कामात माणसांपेक्षा वही जास्त काळ टिकावी लागते.

तिसरी, पहिल्या वर्षाच्या मुलांना काम मिळते का, की फक्त खुर्च्या लावायला सांगतात? वरच्या वर्गातला प्रत्येक जण जाण्याआधी खालच्या एकाला तयार करतो, तिथेच साखळी टिकते.

चौथी, दार बाहेरच्यांना उघडे आहे का? शेजारच्या शाळेतली मुले, दुसऱ्या महाविद्यालयातले विद्यार्थी त्यात येऊ शकले, तर खर्चही वाटला जातो आणि शिकणेही.

सीओईपीच्या गटाने पुढच्या उपग्रहासाठी सौर शिडाची कल्पना हाती घेतली. सूर्यप्रकाशाचा दाब वापरून उपग्रहाची कक्षा बदलायची. हा दाब किती असतो? पृथ्वीजवळ एक चौरस मीटरच्या स्वच्छ आरशावर पडणारे ऊन त्याला साधारण एक मिलिग्रॅम वजनाएवढे ढकलते. एवढासा रेटा, पण तो थांबत नाही, म्हणून महिनोन्‌महिने साठत गेला की उपग्रह हलतो. जपानच्या ‘इकारोस’ यानाने २०१० मध्ये तो वापरून दाखवला आहे.

पुण्यात असे काम हाती घेणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते की, ते पुरे होण्याआधी आपण कदाचित कॉलेजात नसू. तरी तो मापे घेतो, वहीत तारीख टाकून लिहितो आणि ती वही पुढच्याच्या हाती देतो. शहागडच्या एखाद्या गच्चीवर अशी पहिली वही उघडायला दोन-तीन मुले आणि एक उत्साही शिक्षक पुरेसे आहेत.