उचलीचा पुरावा कोणी द्यावयाचा?

दिल्लीलगतच्या फरीदाबाद जिल्ह्यातील दगडखाणींत मजुरांना वेठीस धरले जाते, अशी तक्रार १९८२ साली बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने केली, तीही साध्या पत्राने. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच अनुच्छेद ३२ खालील याचिका मानले व चौकशीसाठी दोन वकिलांना खाणींवर धाडले.

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा. त्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरविले आणि मजुराच्या मुक्ततेचा भार जिल्हा दंडाधिकाऱ्यावर टाकला. हरियाणा सरकारचा बचाव मात्र मोठा चतुर होता : सक्तीने काम घेतले जात असेलही, परंतु ते उचल घेतल्यापोटी होते असे मजुराने सिद्ध केल्याखेरीज त्याला वेठबिगार म्हणता येणार नाही. आता उचलीची वही असते मालकाच्या नाहीतर मुकादमाच्या पेटीत. निरक्षर मजुराने ती आणावी कोठून?

१६ डिसेंबर १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी नेमके येथेच बोट ठेवले. सक्तीचे काम दिसून आले, की ते उचलीपोटी किंवा अन्य आर्थिक लाभापोटी आहे असे गृहीत धरावे; तसे नाही हे मालकाने वा सरकारने सिद्ध करावे.

मुक्ततेनंतरचे दुखणे निराळेच. फरीदाबादेहून सुटून बिलासपूरकडे परतलेल्या मजुरांचे पुनर्वसनच झाले नव्हते. त्यासाठी पत्रकार नीरजा चौधरी यांना पुन्हा न्यायालयास पत्र लिहावे लागले. १९८४ साली न्यायालयाने पुनर्वसन हे राज्याचे कर्तव्य ठरविले.