घर पक्कं झालं, सुकून कुठे गेला?

चिचगडचं आमचं जुनं घर कवेलूंचं होतं. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन आणि मागच्या छपरीत चूल. पावसाळ्यात दोन-चार ठिकाणी गळायचं, पण चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून आपसूक वर निघून जायचा. मग आम्ही स्लॅबचं घर बांधलं. लोखंडी दारं, काचेच्या खिडक्या. शेजारीपाजारी माशाअल्लाह म्हणाले. पहिलाच हिवाळा आला आणि धाकट्या लेकीचा खोकला सुरू झाला. रात्रभर ढास. फजरला उठावं तर आम्हा मोठ्यांचंही डोकं जड.

दोन-तीनदा औषध आणलं. शेवटी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "ज्या खोलीत झोपता, तिथे रात्री काय काय असतं?"

घरी येऊन आम्ही मोजायला बसलो. कोपऱ्यात धानाची पोती आणि त्यांत किडीसाठी ठेवलेल्या गोळ्या. खाटेखाली फवारणीच्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या. पेटीत डांबरगोळ्या. उशाशी मच्छरची कॉइल. जुम्याच्या आदल्या रात्री लोबान. थंडी फारच वाढली की निखाऱ्यांची शेगडी. आणि खिडक्या घट्ट बंद. सवयी सगळ्या कवेलूच्या घरातल्या होत्या, घर मात्र आता बिनफटीचं होतं.

सर्वांत आधी भीती वाटली ती धानातल्या गोळ्यांची. आपल्या धानाच्या मुलखात त्या सर्रास वापरल्या जातात. त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. कधी लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी येतही नाही. या विषावर उतारा नाही. माणसं राहतात त्या घरात या गोळ्या वापरायच्याच नसतात. तुमच्या घरात त्या असतील तर लेकरांना आधी बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, गोळ्यांना उघड्या हातानं शिवू नका, त्यांवर पाणी तर मुळीच टाकू नका आणि कृषी सहायकाला विचारून पुढचं करा. आम्ही आता धान कडक उन्हात वाळवतो. दाणा दाताखाली कट्कन मोडला की तो वाळला असं समजावं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो आणि मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतो. फवारणीच्या बाटल्या घराबाहेर, कुलपात गेल्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते आपण विसरू नये. जे औषध मोकळ्या शेतात जीव घेऊ शकतं, त्याची जागा खाटेखाली असूच शकत नाही.

मग शेगडी. थंडीत गोंदियाचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा शेक हवासा वाटणारच. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो जागंही होऊ देत नाही. शेकायचं ते अंगणात, आणि झोपायच्या खोलीत जादा गोधडी.

कॉइलचा प्रश्न अवघड होता, कारण आपल्या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे आणि मच्छर चावू देणं परवडणारं नाही. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत जितके सूक्ष्म धूलिकण सोडते, तितके ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात. आमची लेक ते सारं उशाशी घेऊन झोपत होती! आता औषध भारलेली मच्छरदाणी आहे. तिच्यातही कीटकनाशक असतं, पण ते धाग्यात मुरलेलं असतं, त्याचा धूर होत नाही. ती सारखी धुवायची नाही. साध्या साबणानं हलक्या हातानं धुऊन सावलीत वाळवायची, म्हणजे साधारण ३ वर्षं काम देते. इशानंतर कडा गादीखाली खोचल्या की झालं.

चुलीवरून मात्र घरात वाद झाला. गॅस आहे, पण सासूबाई म्हणाल्या, "आंघोळीच्या पाण्यालाबी सिलिंडर जाळाचा का?" त्यांचंही खरंच होतं. पण घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख लोक दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, आणि त्या धुराजवळ सर्वांत जास्त वेळ बायका-लेकरंच असतात. शेवटी तोड निघाली. स्वयंपाक गॅसवर, पाण्याची चूल परसात उघड्यावर, आणि लाकडं पावसाआधीच वाळवून ठेवलेली. ओल्या लाकडाचा धूर दुप्पट छळतो.

लोबान आम्ही सोडला नाही. फक्त तो संध्याकाळी, खिडक्या उघड्या ठेवून, बाहेरच्या खोलीत. सुगंधी असला तरी धूर तो धूरच. डांबरगोळ्या मात्र गेल्या. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. अशा बाळाला डांबरगोळ्यांतल्या कपड्यात गुंडाळलं तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. आता गोधड्यांना ऊन दाखवतो.

एक गोष्ट खोलीतली नाही, पण झोपताना डोळ्यांत जाणारी आहे. सुरमा. परंपरेतला इस्मिद हा अँटिमनीचा दगड. बाजारातला बराचसा सुरमा मात्र शिशाच्या खनिजाचा असतो. शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. घटक छापलेले नसतील, तपासणीची खात्री नसेल, तर लहानग्यांच्या डोळ्यांना लावू नये. आमच्या घरची सुरमेदाणी आता शोभेला आहे.

या सगळ्यात पैसे गेले ते मच्छरदाणीचे आणि चार फळ्यांचे. बाकी काही विकत आणायचं नव्हतंच, फक्त बाहेर काढायचं होतं. लेकीची ढास महिन्याभरात उतरली. त्यातलं औषधानं किती आणि हवेनं किती, ते अल्लाह जाणे. पण सकाळचं डोकं जड होणं थांबलं, ते आम्हा सर्वांचंच.

अरबीत राहण्याच्या जागेला 'मस्कन' म्हणतात, आणि 'सुकून' हा शब्दही त्याच धातूतून आलेला आहे. आज रात्री दिवा मालवण्याआधी, बहिणींनो, आपल्या खोलीत उभं राहून एकदा मोजून पाहा. डॉक्टरांनी आम्हाला विचारलेला तो प्रश्न तुम्हालाही विचारतो आहोत.