बारा फोटोंपासून शंभर जीबीपर्यंत

जानेवारी 2016 च्या अखेरीस मुंबईतलं देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं. धूर इतका पसरला की नासाच्या उपग्रहांनी तो वरून टिपला आणि पालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. खाली गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीतल्या फोनांनीही तो टिपला होताच. पण फोटो काढणाऱ्याने ते ठेवायचे कुठे? ऑर्कुट सव्वा वर्षापूर्वीच मिटलेलं. पिकासा गुंडाळणार असल्याचं गूगलने 12 फेब्रुवारीला, म्हणजे आगीनंतर पंधरवड्याच्या आसपास, जाहीर केलं. फ्लिकर याहूच्या घरात होतं आणि ते घरच विकायला निघालेलं. उरलं जेमतेम आठ महिन्यांचं गूगल फोटोज. बाकी सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर.

यातल्या प्रत्येक सेवेची कधी ना कधी ‘सर्वोत्तम’ म्हणून शिफारस झाली होती. समीक्षा लिहिणारे खोटं बोलत होते असं नाही. जागा किती, वेग किती, दिसायला कसं, हे ते इमानेइतबारे तपासत. फोटो परत बाहेर काढता येतात का आणि काढताना सोबत काय काय गळून पडतं, हा रकाना मात्र त्यांच्या तक्त्यात नसायचा किंवा तळाशी असायचा. गोवंडीसारख्या वस्तीत नेमका तोच रकाना महत्त्वाचा.

कारण इथे फोटोला कागदपत्राचा मान आहे. 1976 साली राज्यात झोपड्यांची गणना झाली आणि कुटुंबांना ‘फोटोपास’ मिळाले. त्याच वर्षी अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून माणसं चिता कॅम्पला नेली गेली. शिवाजीनगर वसलं तेही दुसरीकडून हलवलेल्या माणसांनीच, दहा बाय पंधरा फुटांच्या प्लॉटवर. पुढे रस्ते-रेल्वे प्रकल्पांतले विस्थापित लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडच्या सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोल्यांत आले. इतक्यांदा बिऱ्हाड हलल्यावर पत्र्याच्या पेटीतला अल्बम टिकतो कसा? त्यात 26 जुलै 2005 चा पाऊस. मुंबईत त्या दिवशी कितीतरी घरांतल्या लग्नाच्या अल्बमांचा लगदा झाला. फोटो घराबाहेर, पाण्याच्या आणि पाडापाडीच्या आवाक्याबाहेर ठेवण्याची सोय कोणाला हवी असेल, तर ती या माणसांना.

सोय आली ती सायबर कॅफेतून. जानेवारी 2004 मध्ये ऑर्कुट सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत भारत आणि ब्राझील त्याचे बालेकिल्ले बनले. तासाला पंधरा-वीस रुपये मोजायचे, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, आणि स्टुडिओवाल्याने सीडीवर दिलेल्या फोटोंतले निवडक चढवायचे. निवडक म्हणजे किती? सुरुवातीला अल्बमची मर्यादाच बारा फोटोंची होती. बारा! आज एका वाढदिवसाच्या केकचे तेवढे निघतात. पण त्या मर्यादेमुळे निवड व्हायची, आणि निवडलेल्याखाली चार मित्र काहीतरी लिहायचे. ऑर्कुटचा फोटो प्रामुख्याने त्या चार ओळींसाठी चढवला जायचा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हँकुव्हरमधून फ्लिकर निघालं आणि वर्षभरात याहूने ते विकत घेतलं. फुकट खात्यावर महिन्याला आधी 20 आणि नंतर 100 एमबी चढवता येत, आणि फक्त शेवटचे 200 फोटो दिसत. गूगलच्या पिकासा वेब अल्बम्सने 2006 मध्ये 250 एमबी जागा दिली आणि पुढच्याच वर्षी ती एक जीबी केली. झालं, तुलनेला आकडा मिळाला. मुंबईतून निघणाऱ्या ‘डिजिट’सारख्या मासिकांनी तुलनात्मक चाचण्यांची गोडी आधीच लावलेली होती. अमुक प्रिंटर की तमुक, हे तक्त्यावरून ठरवणारा वाचक फोटोसेवेलाही तीच फूटपट्टी लावू लागला. एक जीबी मोठं की 200 फोटो? पिकासा जिंकलं.

ही फूटपट्टी आखूड होती, हे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईतच दिसलं. दहशतवादी हल्ला सुरू असताना कुलाब्याच्या रस्त्यांवरून एका मुंबईकराने काढलेले फोटो फ्लिकरवर चढले आणि काही तासांत जगभरच्या वृत्तसंस्थांनी ते पाहिले. फ्लिकरवर फोटो सार्वजनिक असे, त्याला शोधाचे शब्द जोडता येत, परवाना ठरवता येई, आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ फोटोसोबत राही. पिकासातले फोटो बहुतेक घरच्यांसाठी असत. दोन्ही सेवा चांगल्या होत्या, पण त्यांची कामं वेगळी होती. ‘दोहोंत चांगली कोणती’ हा प्रश्नच चुकीचा होता, आणि अशा प्रश्नाला गुण देऊन मोकळं होण्याची घाई त्या काळच्या बहुतेक परीक्षणांना होती.

दुसरी गोष्ट, ही परीक्षणं बहुतांशी अमेरिकेत लिहिली जात. लिहिणाऱ्याच्या घरी अमर्याद ब्रॉडबँड. इकडे एमटीएनएलचं ट्रायबँड 2005 मध्ये आलं ते 256 केबीपीएसचं, वर महिन्याच्या डेटाला कुंपण. ‘सगळा संग्रह एकदाच चढवून टाका’ हा तिकडचा सल्ला इकडे पाळला, तर बिल पाहून वडिलांनी वायरच उपटली असती. पुढे अॅमेझॉनने प्राइम सभासदांना अमर्याद फोटोजागा दिली आणि ती सेवा यादी-यादीत वरच्या क्रमांकावर गेली. भारतातल्या प्राइममध्ये ती सोय आलीच नाही, आणि याद्या मात्र इथेही तशाच वाचल्या गेल्या.

एव्हरपिक्सची गोष्ट तर प्रत्येक परीक्षण-वाचकाने लक्षात ठेवावी अशी. 2011 च्या सुमारास निघालेली ही छोटी कंपनी. विखुरलेले फोटो आपोआप गोळा करून लावून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समीक्षक खूष होते आणि अॅप स्टोअरवर सरासरी साडेचार तारे होते. नोव्हेंबर 2013 मध्ये ती बंद पडली. वापरणारे सुमारे 55 हजार, त्यांतले पैसे देणारे 6,800, आणि साठवणुकीचं बिल डोईजड. चार-साडेचार तारे देणाऱ्यांनी सेवेला गुण दिले होते. कंपनीच्या खात्यात किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, हे ताऱ्यांत दिसत नाही.

मग 28 मे 2015 उजाडला. गूगल फोटोज आलं. 16 मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो थोडे दाबून घेतले जातील, पण कितीही ठेवा, फुकट. त्यात फोटोत काय आहे ते आपोआप ओळखण्याची करामत. महिनाभरातच त्या करामतीने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसांच्या फोटोंना गोरिलाचं लेबल लावलं आणि गूगलला माफी मागावी लागली. परीक्षणांतून मात्र ही गोष्ट तळटीपेपुरतीच उरली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटाची धास्ती संपली, आणि स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेणारा प्रत्येकजण नकळत गूगल फोटोजचा गिऱ्हाईक झाला. निवड अशी काही झालीच नाही. अॅप फोनमध्ये आधीपासून होतं.

फुकटाचे दिवस एकेक करून मावळले. जून 2017 मध्ये फोटोबकेटने दुसऱ्या संकेतस्थळांवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला 399.99 डॉलर मागितले, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पंचवीस हजार रुपयांच्या वर, आणि जगभर लाखो फोटोंच्या जागी राखाडी चौकोन दिसू लागले. 2013 मध्ये फुकट एक टेराबाइट देणारं फ्लिकर 2018 मध्ये स्मगमगकडे गेलं आणि त्याच वर्षी फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा जाहीर झाली. गूगलने 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीत मोजायला सुरुवात केली. त्यापलीकडे शंभर जीबीला महिना 130 रुपये. रक्कम मोठी नाही. पण ज्या घरात रिचार्जही अठ्ठावीस दिवस पुरवून वापरलं जातं, तिथे कधीच न संपणारा 130 रुपयांचा हप्ता हा विचार करण्याजोगा खर्च आहे.

गूगलला एक श्रेय द्यायला हवं. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये बंद झालं, तरी तिथले फोटो काढून घ्यायला दोन वर्षं मिळाली. पिकासातले फोटो आपोआप पुढे सरकले. त्यांच्यासोबतचे काही जुने शेरे आणि नोंदी मात्र ‘अल्बम अर्काइव्ह’ नावाच्या अडगळीच्या खोलीत गेल्या, आणि 19 जुलै 2023 ला त्या खोलीलाही कुलूप लागलं. फोटो वाचला, पण खाली आत्याने लिहिलेली ओळ गेली.

खरी परीक्षा होते ती स्टेशन रोडवरच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर. घरात कुणी वारलं की भिंतीवर हार घालायला मोठा फोटो लागतो, साधारण बारा बाय अठरा इंची. पोरगं व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो पुढे करतं. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास उरते. चार बाय सहाच्या प्रिंटला तेवढं चालतं. बारा बाय अठरा तीनशेच्या रिझोल्यूशनने काढायचा तर 5,400 पिक्सेल हवेत. इंस्टाग्रामवरून उतरवलेला असेल तर रुंदी 1,080, म्हणजे नीट छापायचा तर साडेतीन इंच. “मोठा केला की फाटतो हा. ओरिजिनल आहे का? डॉक्युमेंट करून पाठवा,” असं स्टुडिओवाला सांगतो. ‘डॉक्युमेंट करून पाठवा’ या तीन शब्दांत जे शहाणपण आहे, ते महागड्या परीक्षणांत क्वचित सापडतं. तसा पाठवलेला फोटो दाबला जात नाही आणि त्यातली तारीख-वेळही शाबूत राहते.

ही तारीख-वेळ गोवंडीत आणखी एका कामाची. पालिकेने 2019 मध्ये प्रत्येक वॉर्डासाठी ट्विटर खाती उघडली, आणि गोवंडीच्या एम पूर्व वॉर्डाच्या खात्याकडे तुंबलेली गटारं, कचरा आणि जैववैद्यकीय कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाचा धूर असे फोटो रहिवासी पाठवू लागले. त्या प्रकल्पाविरुद्ध गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटी उच्च न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने तो दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या जांभिवलीला हलवायला सांगितलं. ट्विटर (आताचं एक्स), फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने टाकलेल्या फोटोतून कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ आणि जागा काढून टाकली जाते. खाजगीपणासाठी हे उत्तम, आणि मुलींच्या फोटोंबाबत तर आवश्यकच. पण धुराचा पुरावा ठेवणाऱ्याला मूळ फाइल वेगळी जपावी लागते. एकच गुणधर्म एकाला गुण आणि दुसऱ्याला दोष. तारे देताना हे कुठल्या बाजूला मोजायचं?

फेब्रुवारी 2023 मध्ये नटवर पारेख कंपाउंडमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरला. कम्युनिटी डिझाइन एजन्सी आणि तिच्या ब्रिटिश सहकारी संस्थांच्या पुढाकाराने झालेल्या या उत्सवात वस्तीतल्या मुलांनी रॅप, नाटक आणि फिल्म यांच्या जोडीने फोटोग्राफीही केली. एरवी गोवंडीचा फोटो म्हणजे बाहेरच्याने काढलेला कचऱ्याचा डोंगर. इथे आपल्याच जिन्याचे आणि गच्चीचे फोटो आपणच काढलेले होते. ते फिरले प्रामुख्याने इंस्टाग्रामवर. दाखवायला इंस्टाग्रामला तोड नाही. साठवायला ते बनलेलंच नाही, आणि ‘फोटो सेवा’ म्हणून दोन्ही प्रकार एकाच यादीत कोंबणाऱ्या लेखांनी या गोंधळात भरच घातली आहे.

आता प्ले स्टोअरचे तारे. नोव्हेंबर 2021 पासून गूगल प्रत्येक देशातल्या वापरणाऱ्यांना त्यांच्याच देशातली सरासरी दाखवतं, ही मोठी सुधारणा. तरी सरासरीपेक्षा एक-ताऱ्याच्या तक्रारी वाचणं अधिक उपयोगाचं. ‘अॅपमधून फोटो उडवला तर फोनमधूनही गेला’ ही गूगल फोटोजबद्दलची तक्रार वर्षानुवर्षं येते. तो बिघाड नाही. सेवा तशीच चालते. पण कुणी नीट सांगत नाही. पाच ताऱ्यांखाली ‘नाइस अॅप’, ‘सुपर’ एवढंच असेल तर त्याचा उपयोग शून्य. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं. परीक्षण लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, पैसे देऊन लिहून घेतलेलं छापू नये, असा त्याचा रोख. मात्र ते ऐच्छिक ठेवलं गेलं. शिवाय ‘दहा सर्वोत्तम’ छापाच्या बऱ्याच याद्या दुव्यावरून मिळणाऱ्या कमिशनवर चालतात, हे वाचकाने स्वतःच ओळखायचं. ज्या सेवेकडून कमिशन मिळत नाही, ती सहाव्या-सातव्या क्रमांकावर का असते, याचं उत्तर तिथे मिळतं.

कुठल्याही तक्त्यात न आलेली एक बाब राहिलीच. वस्त्यांमध्ये नवा फोन घेताना जीमेलचं खातं बऱ्याचदा दुकानदारच काढून देतो. पासवर्ड त्याने टाकलेला, आणि गिऱ्हाइकाला तो लागतही नाही, फोन हरवेपर्यंत. फोन गेला, नंबर बदलला, की दुकानदार दुसरं खातं काढतो. पहिल्या खात्यात बारशापासूनचे फोटो पडून राहतात. मे 2023 मध्ये गूगलने जाहीर केलं की दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती पुसली जातील, आणि डिसेंबर 2023 पासून ते अमलात येऊ लागलं. 29 ऑगस्ट 2024 ला रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओच्या ग्राहकांना शंभर जीबीपर्यंत क्लाउड जागा फुकट देण्याची घोषणा झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत पुन्हा तोच तक्ता आला. एका बाजूला 15 जीबी, दुसऱ्या बाजूला 100. सिम बंद पडलं तर त्या शंभर जीबीतल्या फोटोंपर्यंत माणूस कसा पोहोचणार, हा रकाना त्यात नव्हता.