आव एक, जंतू दोन

पावसाळा लागला, की माझ्याकडे आव पडण्याच्या तक्रारी वाढतात. माळशेज घाटाजवळच्या मढ परिसरात पाऊस धो-धो कोसळतो. उघड्यावरची घाण ओढ्यात, विहिरीत उतरते आणि तेच पाणी हंड्यातून घरात येते. मग पोटात मुरडा येतो, आव व रक्त पडते. रुग्ण विचारतात, "डॉक्टर, शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मी घेऊ का?" मी नको म्हणतो. कारण आव दिसायला एक असली, तरी ती करणारे जंतू दोन प्रकारचे असतात.

पहिला जीवाणू. जपानचे डॉ. शिगा यांनी तो १८९७ साली शोधला. दुसरा अमिबा. तो रशियात एका रुग्णाच्या शौचात सापडला; त्याचे वर्णन १८७५ साली प्रसिद्ध झाले. दोघेही एकपेशीय; पण जीवाणू ज्वारीच्या दाण्याएवढा मानला, तर अमिबा लिंबाएवढा भरेल. अमिब्याच्या पेशीत केंद्रक असते, जीवाणूच्या नसते. अमिबा अंगातून खोटे पाय काढून सरकतो आणि रक्तातील तांबड्या पेशी गिळतो.

जीवाणूची आव बहुधा एकाएकी, तापासह येते. अमिब्याची बहुधा हळूहळू सुरू होते व रेंगाळते. कधी तो यकृतात शिरून गळू करतो. मग उजव्या बरगडीखाली दुखते, ताप येतो. मात्र नुसत्या लक्षणांवरून खात्री देता येत नाही. ताजे शौच सूक्ष्मदर्शकाखाली लगेच तपासले, तर हलणारा अमिबा दिसू शकतो.

औषधेही निराळी. अमिब्यावर चालणारी मेट्रोनिडॅझोलची गोळी शिगांच्या जीवाणूवर चालत नाही. म्हणून मनाने गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेले औषध बरे वाटले तरी मध्येच सोडू नये.

आणखी एक फरक घरातल्या बायाबापड्यांनी ध्यानात ठेवावा. शरीराबाहेर पडताना अमिबा स्वतःभोवती टणक कवच करतो. विहिरीत नेहमीच्या प्रमाणात टाकलेल्या टीसीएल पावडरने आवेचे जीवाणू मरतात. हे कवच मात्र तग धरते. तेव्हा पावडर टाकावीच, पण पिण्याचे पाणी गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे. त्यात दोघेही मरतात. शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

शौचात रक्त दिसले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले, तर मीठ-साखरेचे पाणी पाजत त्वरित दवाखाना गाठावा.