वर्षाची शिवलेली वही

आपल्या घराण्यांत आकडे जपण्याची हौस जुनी आहे. मुलाची जन्मवेळ टिपून तिची बारा घरांची आकृति काढतात. कुलवृत्तांतांतील वंशवृक्ष मोठ्या घडीच्या पानावर पसरतो. जन्म व मरण यांच्या मधल्या रोजच्या काळाची आकृति मात्र आपण काढीत नाहीं. ती काढून हातानें तिचें पुस्तक शिवावें, असें आम्ही सुचवितों; आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यांतील कुटुंबांस तर अगत्यानें सुचवितों.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. २००९ मध्यें चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मधल्या काळांत येथील कित्येक घरांचें घड्याळ पाळीच्या स्वाधीन झालें. मुलगा रात्रपाळीस, सून संगणकाच्या कचेरींत, नात सकाळच्या शाळेंत. एका छपराखालीं तीन दिनक्रम. कोण कामावर केव्हां आला, हें कारखान्याच्या हजेरींत चोख असतें. परंतु हीं माणसें घरीं एकत्र जागीं किती तास असतात, हें कोठेंच लिहिलेलें नसतें.

न्यूयॉर्कच्या जॉर्जिया लूपी व लंडनच्या स्टेफनी पोसावेक या दोघी चित्रकर्त्रींनीं वर्षभर दर आठवड्यास एक विषय घेतला. घड्याळ किती वेळां पाहिलें, तक्रारी किती केल्या, असल्या नोंदी हातानें चितारून त्यांनीं एकमेकींस बावन्न-बावन्न पोस्टकार्डें धाडलीं. तीं २०१६ सालीं ‘डिअर डेटा’ या नांवानें ग्रंथरूपांत निघालीं. संगणक येत असतां हात कां वापरावा, असें कोणी विचारील. हातानें रंग भरतांना माणूस प्रत्येक चौकोनापाशीं थबकतो, आणि लाभ त्या थबकण्यांतच आहे.

आमची योजना अशी. एका आठवड्यास एक पृष्ठ. त्यावर सात ओळी, प्रत्येकींत चोवीस चौकोन. एका तासांत घरीं जितकीं माणसें जागीं, तितकी छटा गडद. सर्वच असल्यास चौकोन कुंकवासारखा लाल. पाळी बदलली कीं लाल रंग जागा बदलतो. एखाद्या पृष्ठावर तो सांपडतच नाहीं. असें पृष्ठ समोर असतां घरांत जें बोलणें निघतें, त्यांत दोषाचा धनी कोणी एक नसतो. एक पथ्य मात्र पाळावें: ज्याची नोंद त्यानेंच करावी. सूनबाईंची हजेरी घेण्यासाठीं ही वही वापरावयाची असेल, तर ती न केलेलीच बरी.

बांधणींत एक सुरेख योग आहे. चार ताव एकदां दुमडून एकांत एक घातले कीं सोळा पृष्ठांचें एक जुज होतें. तीन महिन्यांचे आठवडे तेरा. त्यांत दरमहा एक पृष्ठ शब्दांसाठीं धरलें कीं सोळा भरतात! आजारपण, पाहुणे, संप, सणवार यांचा खुलासा तेथें लिहावा. अशीं चार जुजें म्हणजे वर्ष. परंतु पहिल्या तावावर १, २, १५ व १६ हीं पृष्ठें येतात. म्हणून रंगापूर्वीं शिसपेन्सिलीनें पृष्ठांक घालावे.

कागद हातकागद असावा. चाकणहून नाशिकच्या रस्त्यानें पुढें गेल्यास नारायणगांवाहून जुन्नरकडे वाट फुटते; तेथील जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरांत वापरीत. पुण्यासहि १९४० सालीं हातकागद संस्था निघाली. कागद घोटीव पाहून घ्यावा, नाहींतर शाई फुटते.

घडीवर अरीनें पांच भोकें पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानें जुजें एकमेकांस शिवावीं. खळींत मोरचूद घातल्यास कसर लागत नाहीं, पण तें विष आहे. मुलांपासून दूर ठेवावें. बावन्न आठवड्यांनंतर एक दिवस उरतो, लीप वर्षीं दोन. ते पुठ्ठ्याच्या आंतील कोऱ्या कागदावर काढावे. मग वही दोन फळ्यांमध्यें रात्रभर दाबून ठेवावी. वरतीं वजनास घरचा पाटा पुरतो.