सामना : दिवा की कुंभार?

मागच्या वेळी आपण कारक हेतू आणि ज्ञापक हेतू यांतला फरक पाहिला. कुंभार घट घडवतो, तो कारक. अंधारातला दिवा घट फक्त दाखवतो, घट तिथं आधीच असतो, तो ज्ञापक. आज हा फरक जरा अनपेक्षित ठिकाणी लावून बघू या. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या मैदानावर. हे पायानं खेळायचं आपलं फुटबॉल नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळण्या-फेकण्याचा खेळ आहे.

आधी चौकट समजून घेऊ. तिथं विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये 1992 साली बारा संघ झाले. त्यांचे दोन विभाग केले आणि दोन विभागांच्या विजेत्यांमध्ये अजिंक्यपदाचा वेगळा सामना सुरू झाला. पहिल्या सामन्यात अलाबामानं फ्लोरिडाला 28–21 असं हरवलं. पुढे इतर गटांनीही ही पद्धत उचलली.

आता 2008 आणि 2009 ही दोन वर्षं घ्या. दोन्ही वेळा अटलांटाचं जॉर्जिया डोम, दोन्ही वेळा हेच दोन संघ, आणि दोन्ही वेळा देशातला पहिला क्रमांक विरुद्ध दुसरा. 2008 मध्ये अलाबामा पहिला होता, फ्लोरिडा 31–20 असा जिंकला. 5 डिसेंबर 2009 ला फ्लोरिडा पहिला होता, अलाबामा 32–13 असा जिंकला. त्या वर्षी दोघंही बारापैकी बारा सामने जिंकून आले होते. राष्ट्रीय विजेतेपदासाठी तेव्हा देशातून दोनच संघ निवडत. म्हणजे इथं हरला त्याची वाट बंद. आक्रमणाची सूत्रं ज्याच्या हाती असतात त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक टिम टीबो सामना संपताना रडत होता. त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोयच नाही.

आता प्रश्न असा. त्या साठ मिनिटांनी अलाबामाचं श्रेष्ठत्व *दाखवलं* की *घडवलं*?

समजा, सामना दिवा आहे. मग हा दिवा फार मिणमिणता म्हणायचा. चेंडू विचित्र उसळतो, एखादा खेळाडू जखमी असतो. खरं श्रेष्ठत्वच शोधायचं असेल तर दहा सामने खेळवा, सरासरी काढा. तसं कुणी करत नाही. का? कारण आपल्याला तिथं मोजमाप नको असतं, निकाल हवा असतो. अजिंक्यपद हे सामन्याआधी कुठं दडून बसलेलं नसतं. नियम पाळून खेळल्यानं ते निर्माण होतं. माझ्या मते सामना कुंभार आहे.

हा शब्दच्छल नाही, बरं का. 2023 साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठानं तेराच्या तेरा सामने जिंकले, आपल्या गटाचं अजिंक्यपदही जिंकलं. पण नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस पायाच्या दुखापतीनं बाद झाला होता. तोवर राष्ट्रीय स्पर्धेसाठी एक समिती चार संघ निवडू लागली होती. समितीनं फ्लोरिडा स्टेटला पाचवं ठेवलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला आत घेतलं. ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असं तिचं म्हणणं पडलं. ही दिव्याची भाषा झाली. ‘तुम्ही काय केलंत’ हे न विचारता ‘तुम्ही पुढे काय कराल’ हे विचारायचं!

कुणी म्हणेल, सर, शंभराहून जास्त संघ एकमेकांशी खेळू शकत नाहीत, कुणीतरी ठरवायलाच हवं. मान्य. अलाबामानं सलग 29 सामने जिंकलेल्या जॉर्जियाला 27–24 असं हरवलं होतं. तो विजय अधिक वजनाचा मानणं हाही न्यायच. झालेल्या कर्माचं वजन करणं वेगळं आणि न झालेल्या कर्माचं भाकीत करणं वेगळं. पहिलं परीक्षकाचं काम, दुसरं ज्योतिषाचं. पुढे फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून 63–3 असा हरला, तेव्हा ‘बघा, समितीचं खरं ठरलं’ असं अनेक जण म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचे बरेच प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते. डावललेला संघ कसा खेळला, यावरून न डावललेला कसा खेळला असता हे सिद्ध होत नाही.

2024 पासून बारा संघ घेतात. त्या वर्षी टेक्सास गटाचा अंतिम सामना जॉर्जियाकडून 22–19 असा हरला, तरी राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. अन्याय कमी झाला, हे चांगलंच. पण त्या डिसेंबरच्या सामन्यातून आता जे घडतं, ते 2009 इतकं पक्कं भाजलेलं राहिलेलं नाही. हरल्यावरही दार उघडं असेल, तर त्या सामन्यानं नेमकं काय ठरवलं?

आता घरी जाताना आपल्याकडच्या प्रवेशपरीक्षांचा विचार करा. तीन तासांची परीक्षा मुलाची हुशारी दाखवते, की त्याची जागा घडवते? आपण दुसरं करतो आणि पहिलं केलं असं सांगतो. नापास झालेलं पोर मग स्वतःला ‘ढ’ समजू लागतं. टीबोला निदान एवढं ठाऊक होतं की आपण सामना हरलो आहोत.

पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.