दोन वर्षांचं ग्रीन कार्ड आणि मांडवातले सल्ले

"दोन वर्षं होऊ द्या, मगच पोरीला पाठवा. नाहीतर तिकडं कच्चं कार्ड देतात." जावई अमेरिकेचा नागरिक आहे असं कळलं, की हा सल्ला देणारा कुणीतरी मांडवात भेटतोच. मग मांडव पुण्यातला असो, नाहीतर जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यातला. गाव हेमाडपंती मंदिरांचं आणि बारवांचं, पण फोन सगळ्यांच्या खिशात आहे आणि व्हिसाचं ज्ञान फोनवरून फुकट मिळतं. सल्ला सपशेल खोटा नाही. तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच त्रास देतो.

खरा अर्धा भाग असा. १० नोव्हेंबर १९८६ रोजी अमेरिकेत खोट्या लग्नांना आळा घालणारा कायदा झाला. नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला कायम रहिवास मिळतो, त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर तो रहिवास सशर्त असतो आणि कार्ड दोन वर्षांचं मिळतं. दोन वर्षं पूर्ण झाली असतील, तर थेट दहा वर्षांचं. हा कायदा होण्याआधी तिथल्या इमिग्रेशन खात्याने अशी तीस टक्के लग्नं खोटी असतात, असा आकडा सिनेटपुढे ठेवला होता. तो शास्त्रशुद्ध पाहणीवर उभा नव्हता, हे खात्याला पुढे मान्य करावं लागलं. आकडा गेला, कायदा राहिला.

"अर्ज भरला त्या दिवशी दोन वर्षं झालेली हवीत"

इथेच बहुतेकांची गल्लत होते. कुणी अर्जाची तारीख धरतो, कुणी मुंबईच्या कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीची, कुणी व्हिसा छापल्याची. यातली एकही तारीख कामाची नाही. बाहेरून येणाऱ्या जोडीदारासाठी मोजणी थांबते ती अमेरिकेच्या विमानतळावर अधिकारी प्रवेश देतो त्या दिवशी. जोडीदार आधीपासूनच अमेरिकेत असेल आणि तिथूनच अर्ज केला असेल, तर अर्ज मंजूर झाल्याची तारीख धरतात.

एक जोडपं कल्पून पाहू. लग्न अक्षय्य तृतीयेचं, २२ एप्रिल २०२३. मुलाखत फेब्रुवारी २०२५मध्ये झाली आणि व्हिसा मिळाला. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झालेली नव्हती, त्यामुळे व्हिसावर 'सीआर-१' असं छापून आलं, म्हणजे सशर्त. मुलगी ३ मार्चला गेली, तर कार्ड दोन वर्षांचं. पण हा व्हिसा साधारणपणे सहा महिने चालतो (वैद्यकीय तपासणीची मुदत आधी संपत असेल, तर त्याहून कमी). ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेली, तर तोच व्हिसा, तोच पासपोर्ट, आणि कार्ड दहा वर्षांचं. व्हिसावर काय छापलंय याने बिघडत नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने वर्ग बदलून 'आयआर-१' करायचा असतो. त्याच्या ते लक्षात येईलच असं नाही. म्हणून लग्नाचा दाखला चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवायचा, आपण होऊन सांगायचं आणि शिक्का बघूनच पुढे सरकायचं. चूक राहिली, तर नंतर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण त्यात महिने जातात.

एक खास आपल्याकडचा घोळ. २०२५ची अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. घरी लग्नाचा वाढदिवस तिथीने होतो म्हणून कुणी ३० तारखेपर्यंत थांबेल. अमेरिकेला तिथी कळत नाही, तिथे २२ एप्रिलच धरतात. आणि तारीख धरायची ती तिकडची. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटलेलं विमान सोळा तास उडूनही न्यूयॉर्कच्या बाजूला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं. अगदी काठावरचं तिकीट काढण्यापेक्षा दोन-चार दिवस पुढचं काढावं.

"आधी नोंदणी करून ठेवू, लग्न दिवाळीनंतर लावू"

घड्याळ लवकर सुरू व्हावं म्हणून ही युक्ती सर्रास सुचवली जाते. ती अंगाशी येऊ शकते. लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे अमेरिका बघते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विवाह विधींनी होतो, आणि सप्तपदी असेल तिथे सातवं पाऊल पडलं की तो पूर्ण होतो. ग्रामपंचायतीत मिळणारा दाखला हा झालेल्या लग्नाचा पुरावा असतो, त्या कागदाने लग्न लागत नाही. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: विधी झालेलेच नसतील, तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही. व्हिसाच्या सोयीसाठी आधी नोंदणी उरकण्याच्या पद्धतीवर न्यायालयाने त्याच निकालात बोट ठेवलं.

आधीच कायदेशीर लग्न करायचं असेल, तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. तेच लग्न आणि तीच तारीख. पुढे दिवाळीनंतर वाजतगाजत हार घातले, तरी दोन वर्षं मोजायची ती पहिल्या तारखेपासून. साखरपुड्याची तारीख तर कुठेच येत नाही.

दाखल्यावर दोन तारखा असतात, विवाहाची आणि नोंदणीची. हिंदू पद्धतीने झालेल्या लग्नात मोजायची ती पहिली. आपल्याकडे लग्न झाल्यावर नोंदणीला सहा-सहा महिने कुणी फिरकत नाही, आणि मग लोक दुसरी तारीख धरून उगाच थांबून राहतात.

"तारखा बघून जाणं म्हणजे फसवणूक"

नाही. खोटं लग्न हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. खऱ्या लग्नातल्या बाईने व्हिसाच्या मुदतीत कोणत्या दिवसाचं तिकीट काढावं, हा तिचा प्रश्न.

"दोन वर्षांचं कार्ड म्हणजे कच्चं लायसन"

ही उपमा लोकांना फार आवडते आणि ती साफ चुकीची आहे. दोन वर्षांच्या कार्डावर नोकरी करता येते, भारतात येऊन परत जाता येतं. नागरिकत्वासाठी ही वर्षं धरली जातात. नागरिक नवऱ्यासोबत राहणाऱ्या बायकोला तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि ती तीन वर्षं पहिल्या दिवसापासूनच मोजतात. म्हणजे दहा वर्षांच्या कार्डासाठी ती वर्षभर माहेरी थांबली, तर नागरिकत्वही वर्षभर पुढे गेलं.

मग थांबून वाचतं काय? आय-७५१ हा सशर्त कार्डाची अट काढण्याचा एक अर्ज, त्याची फी (एप्रिल २०२४पासून ७५० डॉलर) आणि कागदपत्रांची जमवाजमव. माझं मत सरळ आहे. व्हिसा हातात आहे आणि दोन वर्षांना काही आठवडे कमी आहेत, तर थांबा. आठ-दहा महिने कमी असतील, तर नवराबायकोला सात समुद्रांच्या दोन काठांवर बसवण्याइतकं त्या कार्डात काही नाही. मुलाखत लांबवत राहणंही धोक्याचं आहे. वर्षभर कॉन्सुलेटशी संपर्कच ठेवला नाही, तर केस बंद होऊ शकते.

"नवऱ्याने सही केली नाही तर परत पाठवतात"

हा गैरसमज सगळ्यांत घातक, कारण तो धमकी म्हणून वापरला जातो. अट काढण्याचा अर्ज एरवी दोघांनी मिळून करायचा असतो, हे खरं. पण लग्न खरं होतं आणि पुढे घटस्फोट झाला, नवऱ्याने मारहाण केली किंवा क्रूरपणे छळलं, किंवा परत पाठवल्यास तिच्यावर अतोनात हाल ओढवणार असतील, तर बायको एकटी अर्ज करू शकते. नवरा वारला असेल तरी करू शकते. छळाच्या कारणासाठी घटस्फोट झालेला असण्याचीही गरज नाही आणि दोन वर्षं संपायची वाट बघायची गरज नाही. नवऱ्याच्या सहीशिवाय तिचं काहीच चालत नाही, हे तिला नवराच सांगत असतो, कायदा तसं म्हणत नाही.

लग्न खरं होतं हे मात्र दाखवावं लागतं. दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, एकत्र बँक खातं, एकत्र भरलेला कर, मुलांचे जन्मदाखले, फोटो. यांच्या प्रती माहेरच्या कपाटातही असाव्यात. मुलीला घाईत घर सोडावं लागलं, तर फायली मागे राहतात.

नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि ग्रीन कार्ड त्याच्या नोकरीतून मिळणार असेल, तर त्याच्याबरोबर कार्ड मिळणाऱ्या बायकोला ही दोन वर्षांची अट मुळातच लागू नाही. लग्न सहा महिन्यांपूर्वीचं असलं तरी नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ही सगळी चर्चा विनाकारण चालते.

ज्यांच्याकडे दोन वर्षांचं कार्ड आलंय त्यांनी मुदत संपण्याआधीचे नव्वद दिवस जपावेत. दोघांचा अर्ज त्याच काळात जावा लागतो. आधी पाठवला तर परत येतो, उशीर झाला तर रहिवासच संपू शकतो. आपली वरची मुलगी ३ मार्च २०२५लाच गेली असती, तर तिचे नव्वद दिवस ३ डिसेंबर २०२६ला सुरू झाले असते. अर्जाची पावती मिळाली की जुन्या कार्डाची मुदत ४८ महिने वाढते, त्यामुळे निकाल रखडला तरी घाबरायचं कारण नाही. नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की आधी त्या तारखेभोवती गोल करा, अमेरिकेतल्या घरी आणि चारठाण्यातल्याही.